मग हा तारा फुटलाच नव्हता का, बाई?

पत्र नवापूर तालुक्यातल्या एका गावातून आलंय, नाव-गाव देऊ नका म्हटलंय म्हणून देत नाही. थोडं कमी करून इथे टाकते.

"बाई, सलाम. मी डीएड झालेय, चार वर्षांपासून आमच्या मंडळीत संडे स्कूल घेते. वर्गात आठवीतला एक मुलगा आहे, आश्रमशाळेत शिकतो, सुट्टीत घरी येतो. डिसेंबरमध्ये त्यांची सहल तोरणमाळला गेली होती, तिथे रात्री सरांनी टेलिस्कोपमधून देवयानी गॅलेक्सी दाखवली आणि सांगितलं की हा उजेड निघाला त्याला २५ लाख वर्षं झाली. घरी आला त्या रविवारी मी बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय घेत होते. आमच्याकडे एक व्हिडिओ दाखवतात, त्यात जग सहा हजार वर्षांचं आहे असं सांगितलंय. मुलगा उठून म्हणाला, ताई मग सहा हजार वर्षांत तो उजेड इथे पोचला कसा? मला काही सुचेना. पास्टरसाहेबांना विचारलं तर म्हणाले, देवाने उजेड वाटेतच निर्माण केला असं सांग आणि पुढचा धडा घे. बाई, मी अजून सांगितलेलं नाही, जीभच उचलत नाही. विज्ञान खरं मानलं तर माझा विश्वास कमी पडतोय का? आणि पोराला काय सांगू?"

पोरी, सलाम.

जीभ उचलली नाही ते बरं झालं. माझी उचलली होती.

१९८७ सालची गोष्ट आहे. मी बीएस्सी बीएड करून नुकतीच शाळेत लागले होते, भुसावळलाच, आणि रविवारी उपासना झाल्यावर तरुण पोरापोरींचा शास्त्रपाठ घ्यायचे. त्या वर्षी फेब्रुवारीत एक तारा फुटल्याचं जगभर गाजलं होतं, मोठा मेजेलॅनिक मेघ नावाच्या आपल्या शेजारच्या छोट्या गॅलेक्सीत, इतका दक्षिणेला की आपल्याकडून दिसतच नाही, पण पेपरात बातमी आली होती. दहावीतला एक मुलगा ते कात्रण घेऊन आला. शर्टाच्या खिशात चार घड्या घालून ठेवलेलं, घामाने शाई पसरलेली. त्याने अगदी तुझ्या पोराचाच प्रश्न विचारला, की बाई हा तारा दीड लाखाच्या वर प्रकाशवर्षं लांब आहे म्हणे, म्हणजे तो फुटून दीड लाखाच्या वर वर्षं झाली, मग आपण सहा हजार म्हणतो ते कसं? मला फिजिक्स येत होतं गं. पण मागच्या बाकावर मंडळीतले दोन वडीलधारे बसले होते, मी नवीन होते, वाकडं पडायचं नव्हतं कोणाशी, म्हणून मी म्हटलं की देवाने प्रकाश वाटेतच निर्माण केला, त्याला काय अशक्य आहे. पोरगा कात्रणाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग हा तारा फुटलाच नव्हता का, बाई?"

मी म्हटलं, पुढचं वचन काढा.

त्यानंतर तो दोन रविवार आला आणि मग आला नाही. आठ-नऊ वर्षांनी स्टेशनवर भेटला, रेल्वेतच लागला होता, नमस्कार केला, आईची तब्येत विचारली माझ्या, आणि जाता जाता म्हणाला, बाई तुम्हाला तेव्हा माहीत होतं ना? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग सांगायचं ना. एवढंच. ते "मग सांगायचं ना" माझ्या कानातून अजून गेलेलं नाही, आणि तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी तेच ऐकू आलं.

त्या पोराने जे विचारलं तिथेच सगळी गाठ आहे बघ. तू सुरत लाईनवरची, मी जंक्शनवर वाढलेली, म्हणून रेल्वेनेच सांगते. हावड्याहून मुंबईला जाणारी मेल भुसावळला येते. डबे धुळीने माखलेले, सीटखाली संत्र्याच्या साली पडलेल्या, चादरी चुरगळलेल्या, लेकरं झोपेतून उठून कुरकुरताहेत, तिकिटावर हावडा लिहिलेलं. आता कोणी म्हणालं की ही गाडी हावड्याहून निघालीच नाही, देवाने ती आत्ता आउटर सिग्नलवर निर्माण केली, धुळीसकट, सालींसकट, आणि प्रवाशांच्या डोक्यात न झालेल्या प्रवासाच्या आठवणी घालून. देवाला अशक्य नाही, मान्य. पण मग त्या बाईला नागपूरला संत्री कोणी विकलीच नाहीत, तिला तो संत्रीवाला आठवतोय पण तो कधी नव्हताच. ताऱ्याचा उजेडही असा नुसता उजेड नसतो, तो सगळी वाट अंगावर घेऊन येतो. वाटेतल्या वायूच्या ढगांनी त्यातले ठराविक रंग खाल्लेले असतात, त्या जागी काळ्या रेघा दिसतात, कुठल्या ढगात काय होतं ते त्या रेघांवरून वाचता येतं. आणि त्यात घटना असतात, तारा फुटल्याची, दोन गॅलेक्सी एकमेकींवर आदळल्याची. उजेड वाटेतच केला असं म्हटलं की सहा हजार प्रकाशवर्षांच्या पलीकडचं जे जे आपण बघतो ते कधी घडलेलंच नाही, देवाने आकाशात न घडलेल्या गोष्टींचा सिनेमा लावून ठेवलाय असं म्हणावं लागतं. ज्याच्याबद्दल आपण शिकवतो की तो खोटं बोलत नाही, त्याच्याबद्दल. तुझी जीभ उचलली नाही ती विश्वास कमी पडला म्हणून नाही, देवाला खोटं पाडायला मन धजलं नाही म्हणून, असं मला तरी वाटतं.

आणि ही युक्ती काही आजची नाही. इंग्लंडात फिलिप गॉस नावाचे निसर्गाचे मोठे अभ्यासक होते, अतिशय भाविक माणूस, त्यांनी १८५७ मध्ये पुस्तक लिहून हेच मांडलं, की देवाने जग जुनं दिसेल असंच निर्माण केलं, खडकातल्या जीवाश्मांसकट. त्यांना वाटलं आता धर्म आणि विज्ञान दोघंही खूश होतील. कोणीच झालं नाही. त्यांचे स्नेही चार्ल्स किंग्जली, जे स्वतः पाळक होते, त्यांनी कळवलं की देवाने खडकावर एवढं मोठं असत्य लिहून ठेवलं हे मला मानवत नाही. म्हणजे नास्तिकाच्या आधी एका पाळकालाच ते टोचलं होतं.

आता २५ लाख हा आकडा कुठून आला, कारण पोरगा पुढे हेच विचारणार, आणि "शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून" हे उत्तर "व्हिडिओत म्हणतात म्हणून" पेक्षा फार चांगलं नाही. जवळच्या ताऱ्यांचं अंतर भूमितीने काढतात. अंगठा डोळ्यापुढे धरून एक-एक डोळा मिट, अंगठा सरकल्यासारखा दिसतो, तसंच पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना आणि सहा महिन्यांनी त्या बाजूला असताना तारा किंचित सरकलेला दिसतो. १८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर असं मोजून जाहीर केलं, दहा-अकरा प्रकाशवर्षांच्या आसपास. लांबच्यांना हे चालत नाही. तिथे हेन्रिएटा लेव्हिट नावाच्या बाई आल्या, हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या फोटोप्लेटा तपासायचं काम करायच्या, त्यांनी १९१२ मध्ये दाखवलं की सेफिड जातीचे तारे ठराविक दिवसांनी मंद-तेज होतात आणि ज्याचा फेरा जितका मोठा तितका तो मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे बल्ब किती वॅटचा ते कळलं, आता दिसतो किती मिणमिणता त्यावरून अंतर काढायचं. १९२३ च्या ऑक्टोबरात खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने देवयानीच्या एका प्लेटवर नवतारा, म्हणजे अचानक उजळणारा तारा, समजून एन हे अक्षर लिहिलं होतं, मग लक्षात आलं की हा तर सेफिड, तेव्हा ते खोडून व्हीएआर, म्हणजे तेज बदलणारा, असं लिहिलं आणि पुढे उद्गारचिन्ह काढलं. ती प्लेट अजून आहे. मी तिचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा त्या उद्गारचिन्हाकडेच बघत बसले होते, एक माणूस मध्यरात्री टेबलाशी बसलाय आणि त्याला कळलंय की हे आपल्या आकाशगंगेतलं नाही, हे दुसरं गावच आहे.

हबलचा आकडा नऊ लाखांच्या आसपास होता, पुढे कळलं की सेफिड दोन प्रकारचे असतात, हिशोब दुरुस्त झाला आणि २५ लाखांवर आला. कोणी म्हणेल बघा, यांचे आकडे बदलतात. बदलतात, आणि का बदलले ते सगळ्यांसमोर लिहून बदलतात. पण कुठल्याही दुरुस्तीत तो आकडा सहा हजाराकडे सरकलेला नाही.

त्या फुटलेल्या ताऱ्याचं तर मला राहवतच नाही सांगितल्याशिवाय. त्याच्याभोवती वायूचं एक कडं आहे, स्फोटाच्या हजारो वर्षं आधी त्याच ताऱ्यातून बाहेर पडलेलं. स्फोटाचा उजेड त्या कड्यावर पोचून ते उजळलं त्याला सुमारे आठ महिने लागले. म्हणजे उजेड आठ महिन्यांत जितका जाईल तितकी त्या कड्याची त्रिज्या. आणि हबल दुर्बिणीने ते कडं आकाशात केवढं दिसतं तो कोन मोजला. खरी लांबी माहीत, दिसणारा कोन माहीत, अंतर काढ, दहावीची त्रिकोणमिती. सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं. सेफिड नकोत, कुठला मोठा सिद्धांत नको. वर स्फोटात तयार झालेला किरणोत्सारी कोबाल्ट, जो आपल्या लॅबमध्ये ७७ दिवसांत निम्मा होतो, तो तिथेही त्याच वेगाने निम्मा होताना दिसला, ताऱ्याचा उजेड त्याच हिशोबाने उतरत गेला. म्हणजे दीड लाखाच्या वर वर्षांपूर्वीही निसर्गाचे नियम हेच होते. मला यात देवाचा विश्वासूपणा दिसतो, दुसऱ्याला दुसरं काही दिसेल, पण तारा फुटला होता. त्या मुलाला मी हे सांगायला हवं होतं.

व्हिडिओवाल्यांबद्दल मात्र तुझ्या मनात राग नको. सृष्टीवादी, म्हणजे देवाने बायबलात लिहिलंय तसंच जग घडवलं असं मानणारे, म्हणवणाऱ्यांत शिकलेली, खगोलशास्त्रात पीएचडी केलेली माणसं आहेत आणि उजेडाचा प्रश्न अवघड आहे हे ती स्वतः मान्य करतात. त्यांनी वाटेतल्या उजेडाशिवाय दुसरेही मार्ग शोधलेत. ऑस्ट्रेलियातल्या सेटरफिल्ड यांनी १९८० च्या दशकात मांडलं की पूर्वी उजेडाचा वेग प्रचंड होता आणि मग कमी होत गेला, जुनी मोजमापं बघा. पण १६७६ मध्ये रोमरने गुरूच्या चंद्रावरून जी वेळ काढली त्यावरून हायगेन्सने काढलेला वेग सेकंदाला २ लाख २० हजार किलोमीटरच्या आसपास होता, आजच्या २,९९,७९२ पेक्षा कमीच, म्हणजे मोजणी सुधारत गेली, वेग घसरला नाही, आणि त्यांच्यातल्याच कित्येकांनी ही कल्पना नंतर सोडून दिली. अमेरिकेतले हम्फ्रीज १९९४ मध्ये म्हणाले की पृथ्वी विश्वाच्या मध्याशी आहे आणि गुरुत्वामुळे इथलं घड्याळ हळू चाललं, बाहेर कोट्यवधी वर्षं गेली तरी इथे सहा दिवसच झाले. कल्पना ऐकायला सुंदर आहे, आइन्स्टाइनचा आधारही आहे, पण तसं असतं तर बाहेरून येणारा उजेड निळ्याकडे सरकलेला दिसला असता, आणि लांबच्या गॅलेक्सींचा दिसतो तांबड्याकडे सरकलेला.

सगळ्यात हुशार उत्तर जेसन लाइल यांचं आहे, २०१० चं. उजेड एकाच दिशेने येताना त्याचा वेग किती हे थेट मोजता येत नाही, जाऊन-येऊनच मोजता येतो, हे खरंय, आइन्स्टाइननेही तिथे एक संकेत म्हणूनच दोन्ही वेग सारखे धरले. लाइल म्हणतात, आपण असा संकेत धरू की आपल्याकडे येणाऱ्या उजेडाला वेळच लागत नाही. म्हणजे प्रत्येक स्टेशनची घड्याळं अशी लावायची की हावड्याची गाडी हावड्याच्या घड्याळात रात्री आठला सुटते आणि भुसावळच्या घड्याळात रात्री आठलाच पोचते. कागदावर प्रवास शून्य मिनिटांचा. चालेल, घड्याळं तुमची. पण डब्यात साचलेली धूळ घड्याळ बघून साचत नाही. आकाशात टॅडपोल नावाची गॅलेक्सी आहे, शेजारणीच्या ओढीने तिच्यातले तारे आणि वायू बाहेर खेचले गेलेत आणि २ लाख ८० हजार प्रकाशवर्षं लांब शेपटी तयार झालीय. ही शेपटी उजेडाची नाही, ताऱ्यांची आहे, तारे उजेडापेक्षा कितीतरी हळू चालतात. घड्याळ कसंही लावा, एवढं लांब जायला त्यांना कोट्यवधी वर्षं लागणारच. नाहीतर मग ती शेपटी पण तशीच निर्माण केली म्हणा, आणि आपण परत आउटर सिग्नलवर.

धूमकेतू विझतात म्हणून सूर्यमाला तरुण आहे, हेही तुझ्या व्हिडिओत असेल बहुतेक, असतंच. धूमकेतू विझतात हे बरोबर आहे, पण नवे येत राहतात, नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाळ गोळ्यांचा मोठा साठा आहे, त्यातले प्लूटो सोडून दुसरे १९९२ पासून प्रत्यक्ष सापडत गेलेत. चंद्रावर धूळ कमी आहे म्हणून तो तरुण, हा मुद्दा तर सृष्टीवाद्यांनीच १९९३ मध्ये तपासून सांगितलं की टिकत नाही, वापरू नका. हे मी त्यांच्या बाजूने सांगतेय. चूक कळल्यावर सोडता येते हे त्यांनीही करून दाखवलंय.

मग सहा हजार आलं कुठून? उत्पत्तीच्या पुस्तकात हा आकडा कुठेही नाही, तू शोधून बघ. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळीतली वयं आणि राजांच्या कारकिर्दी जोडून १६५० मध्ये छापलं की निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये, २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी. त्या काळच्या मानाने प्रामाणिक, कष्टाचा हिशोब होता, केपलरसारखा माणूसही चार हजाराच्या जवळपासच पोचला होता. पण १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात अशरची सालं छापायला लागले आणि समासातलं हळूहळू वचनासारखं वाटायला लागलं. तरी एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्र वाढल्यावर बायबल प्रमाण मानणाऱ्या खूप जणांनी जुनी पृथ्वी मान्य केली होती, १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमध्येसुद्धा त्याला जागा आहे. आजची सहा हजाराची जोरदार चळवळ उभी राहिली ती अमेरिकेत १९६१ नंतर. म्हणजे पास्टरसाहेबांना जे "आपलं मूळचं" वाटतंय ते या रूपात माझ्यापेक्षा फार मोठं नाही वयाने. आणि आजही ह्यू रॉससारखे खगोलशास्त्रज्ञ आहेत जे सृष्टीवादीच म्हणवतात, बायबल शब्दशः प्रेरित मानतात आणि विश्व १३.८ अब्ज वर्षांचं आहे असंही मानतात. तेव्हा एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला टेलिस्कोप अशी वाटणी कोणी तुझ्यापुढे ठेवली तर ती घेऊ नकोस.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन लिहून गेलेत की तारे, ग्रहणं, आकाशाच्या गती याबद्दल परक्या लोकांनाही नीट ज्ञान असतं, त्यांच्यासमोर ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने भलतंच बोलला तर ते पुनरुत्थानाबद्दलही त्याचं ऐकणार नाहीत. गंमत नाही, ऑगस्टीन स्वतः जग सहा हजार वर्षांच्या आतलंच मानायचे, त्यांच्याकडे टेलिस्कोप नव्हता, तरीही सावधगिरीचा हा शब्द त्यांनी ठेवला. कॅल्विननेही उत्पत्तीवर लिहिताना सांगितलं की शनी चंद्रापेक्षा खूप मोठा आहे हे खगोलशास्त्रवाले सिद्ध करतात, मोशे चंद्रालाही दोन मोठ्या ज्योतींत धरतो कारण तो साध्या माणसाच्या डोळ्याला जसं दिसतं तसं लिहितोय, खगोलशास्त्र शिकायचं असेल त्याने दुसरीकडे जावं.

आणि हे आपल्याच लोकांचं दुखणं आहे असंही नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला कधी गेलीस तर १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलं की पृथ्वीला कोणी आधार दिलाय असं धरलं तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा, शेवटी कोणीतरी स्वतःच्या बळावर राहतो असं म्हणावंच लागेल, मग ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये. पुराणांवर श्रद्धा ठेवणारा माणूस होता, ग्रंथाची सुरुवात गणेशवंदनाने करणारा. खान्देशच्या मातीत आठशे वर्षांपूर्वी हे जमलेलं आहे.

उलट्या बाजूने पण एक सांगून ठेवते. काही जण तुला म्हणतील, बिग बँग म्हणजेच "प्रकाश होवो", बघा विज्ञानाने बायबल सिद्ध केलं. तिकडेही जाऊ नकोस. विश्व एका बिंदूसारख्या सुरुवातीतून पसरलं ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरूच होते, विश्व पसरतंय हा त्यांचा पेपर १९२७ चा, सुरुवातीची कल्पना १९३१ ची. १९५१ मध्ये पोपसाहेबांनी भाषणात त्यांच्या सिद्धांताचा संबंध निर्मितीशी जोडला तर लमेत्र खूश व्हायच्या ऐवजी अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं, हा सिद्धांत देवाधर्माच्या प्रश्नाच्या बाहेरचाच आहे. सकाळी मिस्सा करणारा आणि दुपारी समीकरणं सोडवणारा माणूस, दोन्हीत खरा, एकाला दुसऱ्याची कुबडी न करणारा. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्यांचा फोटो आहे.

मग उत्पत्ती १ मध्ये शिकवायचं काय, सहा दिवस कापून टाकायचे का? अजिबात नाही, उलट तिथेच थांब जास्त वेळ. पहिल्या दिवशी उजेड आणि सूर्य चौथ्या दिवशी, हे लिहिणाऱ्याला कळत नव्हतं का? चौथ्या दिवशी तो सूर्य-चंद्र हे शब्दच वापरत नाही, मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हणतो, आणि तारे तर जाता जाता एका वाक्यात. शेजारी बाबेल होतं, तिथे सूर्य शमाश नावाचा देव, चंद्र सिन नावाचा देव, तारे माणसाचं नशीब लिहिणारे. आणि हा म्हणतो, दिवे आहेत ते. देवाने लावलेले दिवे, दिवस-ऋतू कळायला. त्यांना भ्यायचं नाही. हे आपल्या पोरांना आजही लागतं गं. ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली तर लेकराचा ओठ फाटतो असं ऐकतच ती मोठी होताहेत, विश्वासणाऱ्यांच्या घरांतसुद्धा. त्यांना सांग की वरून तुमच्यावर कोणी डूख धरून बसलेलं नाही. ईयोबाचा ३८वा अध्याय वाच त्यांच्याबरोबर, कृत्तिका आणि मृग, आपली नेहमीची नक्षत्रं आहेत त्यात, देव ईयोबाला आकडे देत नाही, उलट विचारतो, तुला यांना बांधता येतं का?

पोराला आता सरळ सांग की तुझ्या सरांनी सांगितलं ते बरोबर आहे, उजेड २५ लाख वर्षं चालून आलाय. आणि म्हण की मी त्या दिवशी गप्प बसले कारण मला माहीत नव्हतं, मी विचारून आले. आठवीतल्या मुलाला हे ऐकायची सवय नसते, त्याला ते चांगलंच लक्षात राहील. सहा हजाराबद्दल त्याने विचारलं तर अशरची गोष्ट सांग. आणि मुख्य म्हणजे त्याला परत विचारू दे, तो गप्प झाला तर काळजी कर.

पास्टरसाहेबांचं थोडं जपून. वर्गात किंवा सगळ्यांसमोर काही बोलू नकोस, घरी जा, चहाच्या वेळेला, त्यांच्या बायकोलाही बसव. "तुमचं चुकतंय" असं सुरू करू नको, "मला हे सांगताना भीती वाटते की आपण देवाच्या नावावर न घडलेली गोष्ट सांगतोय" असं म्हण, कारण तुला खरंच तीच भीती वाटतेय. ते मानतील असं नाही. नाही मानलं तर त्यांना एवढंच विचार की तारे हा विषय घेताना व्हिडिओ न लावता नुसता अध्याय वाचून घेतला तर चालेल का. बहुतेक पाळक याला नाही म्हणत नाहीत. आणि समजा म्हणालेच की तू संडे स्कूल सोड, तर मला परत लिही, एकटीने निर्णय घेऊ नकोस.

तुझ्या विश्वासाचं विचारलंस. मी रोज संध्याकाळी प्रार्थना करते आणि मग गच्चीवर जाते, ३०-३५ वर्षं झाली, माझ्यात या दोन गोष्टी कधी भांडल्या नाहीत. भांडण त्या एका रविवारी झालं होतं, जेव्हा मी एकीसाठी दुसरीला खोटं पाडलं.

आता एक काम कर. मेच्या सुट्टीत देवयानी दिसत नाही, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांब, तेव्हा अमावास्येच्या आसपास पोरांना घेऊन गावाबाहेर जा, लाईटपासून लांब. रात्री आठ-नऊला डोक्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यावरच्या ताऱ्यापासून शर्मिष्ठेच्या, म्हणजे इंग्रजी एमसारख्या दिसणाऱ्या तारकासमूहाच्या, बाजूला ठळक ताऱ्यांची ओळ जाते, त्यातला दुसरा तारा धर, तिथून काटकोनात शर्मिष्ठेकडे वळून दोन फिके तारे वर जा. दुसऱ्याच्या शेजारी बघ. चकती-बिकती काही दिसणार नाही, पिठाचा हात काळ्या परकराला पुसावा तेवढा पुसट डाग. थेट बघितला तर नाहीसा होतो, जरा बाजूला नजर ठेवली की येतो. लहानांना सापडायला वेळ लागतो, घाई करू नको, त्या मुलालाच सांग बाकीच्यांना दाखवायला.

दुर्बीण माझ्याकडे आहे, सात बाय पन्नासची, पट्टा नवीन लावलाय. भुसावळहून सुरत लाईनने तुमच्याकडचं कोणी जाणारं असेल तर कळव, डब्यात घालून देते. परत करायची घाई नाही.